ब्रायब्रोइकी

ब्रायब्रोइकी हा दक्षिण आफ्रिकेत उघड्यावर, लाकडाच्या किंवा लोणारी कोळशाच्या निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या चीज सँडविचचा प्रकार आहे. पांढऱ्या ब्रेडच्या दोन कापांमध्ये चेडर चीज, टोमॅटो, कांदा आणि फळांची गोड-आंबट चटणी भरतात, कापांना बाहेरून लोणी लावतात आणि अशी अनेक सँडविचे तारेच्या दुहेरी जाळीत घट्ट बसवून मंद निखाऱ्यांवर वारंवार उलटत भाजतात. ब्रेड बाहेरून सोनेरी व कुरकुरीत होईपर्यंत आतील चीज पूर्णपणे वितळलेले असणे ही या पदार्थाची कसोटी मानली जाते.

विस्तवाभोवती जमून अन्न, मुख्यतः मांस, भाजण्याच्या आणि एकत्र जेवण्याच्या दक्षिण आफ्रिकी प्रथेला 'ब्राय' असे म्हणतात. ब्रायब्रोइकी हा या जेवणाचा जवळजवळ नेहमीचा भाग आहे. मांसप्रधान जेवणातील हा बिनमांसाचा पदार्थ असल्यामुळे शाकाहारी पाहुण्यांनाही तो विस्तवाभोवतीच्या पंगतीत सामावून घेतो.

## नाव

'ब्रायब्रोइकी' हा आफ्रिकान्स भाषेतील जोडशब्द आहे. 'ब्राय' म्हणजे विस्तवावर भाजणे. हा शब्द भाजणे किंवा परतणे या अर्थाच्या डच क्रियापदापासून आला आहे. 'ब्रोइकी' हे ब्रेड या अर्थाच्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून त्याचा अर्थ लहान ब्रेड किंवा सँडविच असा होतो. मराठीत 'डबा' या शब्दापासून 'डबी' होते, त्याच प्रकारची ही रचना आहे. रोमन लिपीतील अक्षरांवरून हा शब्द 'ब्रायब्रूडजी' असा वाचला जाण्याची शक्यता असते. परंतु आफ्रिकान्समध्ये या प्रत्ययाचा उच्चार 'की' असा होतो.

आफ्रिकान्स ही केप प्रदेशात सतराव्या शतकापासून बोलल्या जाणाऱ्या डच बोलींतून विकसित झालेली भाषा आहे. 'ब्राय' हा शब्द मात्र आता तिच्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजी भाषकांसह अन्य भाषक समूहही तो वापरतात आणि शेजारच्या नामिबियातही तो रूढ आहे. उघड्यावर मांस भाजण्याच्या प्रथेला झुलू भाषेत 'शिसा न्यामा' असे स्वतंत्र नाव आहे.

## ब्रायमधील स्थान

ब्रायची सुरुवात विस्तव पेटवण्यापासून होते. लाकडे जळून त्यांचे निखारे होण्यास बराच वेळ लागतो आणि हा वेळ गप्पागोष्टींत घालवणे हाही प्रथेचा भाग समजला जातो. निखारे तयार झाल्यावर त्यांवर धन्यांचा स्वाद असलेले 'बूरेवॉर्स' हे लांब वेटोळ्याच्या आकाराचे सॉसेज, मांसाचे तुकडे किंवा कोंबडी भाजतात. सोबत मक्याच्या भरड पिठापासून केलेला 'पप' हा घट्ट पदार्थ, कोशिंबिरी आणि 'चकालाका' नावाचे भाज्यांचे तिखट कालवण असते.

ब्रायब्रोइकी बहुधा शेवटी भाजली जाते. यामागे केवळ परंपरा नसून व्यावहारिक कारणही आहे. मांस भाजण्यासाठी लागणारा प्रखर विस्तव ब्रेडला सोसत नाही. मांस भाजून होईपर्यंत निखाऱ्यांवर राखेचा थर साचतो, त्यांची धग उतरते आणि ते सँडविचसाठी योग्य होतात. काही ठिकाणी मांस तयार होईपर्यंत पाहुण्यांची भूक भागावी म्हणून सँडविचे आधी भाजतात. अशा वेळी थोडे निखारे बाजूला ओढून त्यांचा स्वतंत्र, विरळ थर करावा लागतो.

विस्तवाची जबाबदारी सामान्यतः एकाच व्यक्तीकडे असते. दुसऱ्याच्या विस्तवात ढवळाढवळ करणे किंवा न विचारता चिमटा हातात घेणे शिष्टसंमत मानले जात नाही. रूढ वाटणीनुसार विस्तव पुरुषांकडे, तर सँडविचे भरण्याचे व इतर पूर्वतयारीचे काम स्त्रिया आणि मुलांकडे असे. ही वाटणी आता सर्वत्र पाळली जात नाही.

## साहित्य

एका सँडविचसाठी साधारणपणे ब्रेडचे २ काप, ४० ते ५० ग्रॅम चीज, टोमॅटोच्या २ ते ३ चकत्या, कांद्याच्या काही पातळ चकत्या, १ मोठा चमचा चटणी आणि १० ते १५ ग्रॅम लोणी लागते. मीठ व मिरपूड चवीनुसार घालतात. कुटुंबाच्या जेवणासाठी बहुधा एका अख्ख्या ब्रेडची सँडविचे एकाच वेळी केली जातात.

ब्रेड : नेहमीचा मऊ, पांढरा, कापलेला ब्रेड वापरण्याचा प्रघात आहे. फार जाड काप घेतल्यास उष्णता आतपर्यंत पोहोचत नाही. फार पातळ काप टोमॅटोच्या रसाने ओले होऊन फाटतात. एक दिवस शिळा ब्रेड ताज्या ब्रेडपेक्षा अधिक सोयीचा ठरतो, कारण तो जाळीत दाबल्यावर चेपत नाही.

चीज : चेडर हे सर्वाधिक वापरले जाणारे चीज आहे. हे चीज मूळचे इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील असून चेडर या गावावरून त्याला नाव मिळाले आहे. काप घालण्यापेक्षा किसलेले चीज घातल्यास ते लवकर वितळते.

टोमॅटो व कांदा : दोन्हींच्या चकत्या पातळ असणे आवश्यक असते. भाजण्याच्या अल्प वेळात कांदा पूर्ण शिजत नाही; जाड चकत्या कच्च्या राहतात.

चटणी : जर्दाळू व पीच यांसारख्या फळांमध्ये साखर, व्हिनेगर आणि मसाले घालून केलेली दाट चटणी वापरतात. 'मिसेस बॉल्स' या नावाने विकली जाणारी चटणी दक्षिण आफ्रिकेत विशेष प्रसिद्ध आहे. अमेलिया बॉल या महिलेच्या घरगुती पाककृतीवरून हे उत्पादन सुरू झाले. 'चटणी' हा शब्द भारतीय भाषांतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. मात्र महाराष्ट्रातील वाटलेली ओली किंवा कुटलेली कोरडी चटणी आणि ही शिजवलेली चटणी यांत बरेच अंतर आहे. दक्षिण आफ्रिकी चटणी मुरांब्याच्या किंवा गोड लोणच्याच्या अधिक जवळची आहे.

लोणी : लोणी ब्रेडच्या बाहेरील बाजूस लावतात. त्यामुळे ब्रेड जाळीला चिकटत नाही आणि सर्वत्र सारखा रंग धरतो. काही जण लोण्याऐवजी मेयोनेज लावतात.

## विस्तव आणि साधने

### लाकूड व कोळसा

ब्रायसाठी दीर्घकाळ टिकणारे निखारे देणारे कठीण लाकूड पसंत केले जाते. प्रदेशानुसार लाकूड बदलते. वेस्टर्न केप प्रांतात 'रोइक्रान्स' हे बाभळीच्या कुळातील झाड इंधन म्हणून लोकप्रिय आहे. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील असून केपजवळील वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात त्याची लागवड करण्यात आली. पुढे ते स्थानिक वनस्पतींवर आक्रमण करू लागले. आज ते उपद्रवी परकीय झाड मानले जात असल्यामुळे सरपणासाठी त्याची तोड होणे पर्यावरणाच्या दृष्टीने गैर समजले जात नाही. याउलट, उत्तरेकडील कोरड्या प्रदेशातील 'कामीलडोरिंग' (उंटकाटा) या देशी वृक्षाचे लाकूड उत्तम निखारे देत असले, तरी तो वृक्ष दक्षिण आफ्रिकेत कायद्याने संरक्षित आहे.

द्राक्षबागांच्या परिसरात काढून टाकलेल्या द्राक्षवेलींची जुनी खोडेही जाळतात. लाकडाच्या जोडीला लोणारी कोळसा आणि कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या सर्वत्र मिळतात. नामिबियात कुरणांवर पसरणारी काटेरी झुडपे तोडून त्यांचा कोळसा केला जातो व तो निर्यातही होतो. रंग दिलेले, रसायनांनी प्रक्रिया केलेले किंवा राळ असलेले ओले लाकूड अन्न भाजण्यासाठी अयोग्य असते. त्याचा धूर आरोग्यास अपायकारक असतो आणि अन्नाला कडवट वास येतो.

### जाळी

ब्रायब्रोइकीचे मुख्य साधन म्हणजे बिजागरीने जोडलेली दुहेरी तारेची जाळी. आफ्रिकान्समध्ये तिला मिटणारी जाळी या अर्थाचे नाव आहे. सँडविचे खालच्या जाळीवर ओळीने मांडून वरची जाळी मिटतात आणि मुठीजवळील कडीने ती पक्की करतात. यामुळे सर्व सँडविचे एकाच हालचालीत उलटता येतात, आतील सारण बाहेर पडत नाही आणि ब्रेडवर हलका दाब राहतो. सँडविचांची जाडी सारखी नसल्यास पातळ सँडविचे सैल राहून घसरतात. म्हणून सर्वांत सारण सारख्या प्रमाणात भरणे महत्त्वाचे असते.

### धग ओळखणे

उष्णतामापकाशिवाय धग अजमावण्यासाठी तळहाताचा उपयोग करतात. जाळी जेथे ठेवायची त्या उंचीवर, निखाऱ्यांना स्पर्श न करता, तळहात धरला जातो. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागल्यास धग मांसासाठी ठीक, पण ब्रेडसाठी फार जास्त असते. साधारण ८ ते १० सेकंद हात धरता आला, तर निखारे सँडविचसाठी योग्य समजले जातात. या अवस्थेत निखाऱ्यांवर ज्वाळा नसतात आणि त्यांच्यावर पांढुरकी राख दिसते.

## कृती

१. विस्तव पेटवून लाकडांचे पूर्ण निखारे होऊ दिले जातात. निखाऱ्यांचा पातळ व सपाट थर पसरला जातो. एका बाजूला निखारे नसलेली मोकळी जागा ठेवली जाते.

२. ब्रेडच्या सर्व कापांना एका बाजूने मऊ लोणी कडेपर्यंत लावतात. कडा कोरड्या राहिल्यास त्या प्रथम करपतात.

३. काप लोण्याची बाजू खाली येईल असे ठेवून वरच्या कोरड्या बाजूवर चटणी पसरतात. त्यावर निम्मे चीज, मग कांदा व टोमॅटो, मीठ व मिरपूड आणि पुन्हा उरलेले चीज घालतात. दोन्ही बाजूंच्या चीजमुळे टोमॅटोचा रस ब्रेडपर्यंत सहज पोहोचत नाही आणि वितळल्यावर दोन्ही काप सारणाला धरून राहतात.

४. दुसरा काप लोण्याची बाजू वर ठेवून लावतात. टोमॅटोला मीठ लागताच पाणी सुटू लागते. म्हणून सँडविचे भरल्यानंतर फार वेळ ठेवली जात नाहीत.

५. सँडविचे जाळीत मांडून जाळी मिटतात व निखाऱ्यांच्या वर साधारण एक वीत अंतरावर धरतात.

६. दर अर्ध्या ते एका मिनिटाने जाळी उलटतात. लोणी ठिबकून ज्वाळा उठल्यास जाळी तत्काळ मोकळ्या जागेकडे सरकवतात आणि ज्वाळा शमल्यावर परत आणतात.

७. साधारण ६ ते १० मिनिटांत ब्रेड सोनेरी होतो व कडांवर वितळलेले चीज दिसू लागते. ब्रेडला लवकर रंग आला आणि चीज घट्ट राहिले, तर जाळीची उंची वाढवून भाजणे चालू ठेवतात.

८. तयार सँडविचे तिरपी कापून गरम असतानाच वाढतात. ती एकमेकांवर रचल्यास वाफेने मऊ पडतात. म्हणून शक्यतो उभी किंवा जाळीवरच ठेवतात.

## भाजण्यामागील विज्ञान

उघड्या विस्तवावर चीज सँडविच करताना मुख्य अडचण ही असते, की ब्रेड आणि चीज यांना लागणारी उष्णता वेगवेगळी असते आणि ती त्यांच्यापर्यंत वेगवेगळ्या गतीने पोहोचते. ब्रेडचा पृष्ठभाग विस्तवासमोर थेट असतो. चीज मात्र दोन कापांच्या आड असते. ब्रेडमध्ये हवेची असंख्य लहान छिद्रे असल्याने तो उष्णतेचा मंदवाहक आहे. त्यामुळे प्रखर विस्तवावर ब्रेड काही क्षणांत करपतो आणि चीज थंडच राहते.

तव्यावरील सँडविचला उष्णता मुख्यतः स्पर्शातून, म्हणजे वहनाने मिळते. निखाऱ्यांवर ती मुख्यतः प्रारणाने आणि काही अंशी वर चढणाऱ्या उष्ण वायूंमुळे मिळते. तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणारे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून निखाऱ्यांचे तापमान थोडेसे उतरले, तरी ब्रेडला मिळणारी उष्णता बरीच कमी होते. निखाऱ्यांवरील राखेचा थरही प्रारण सौम्य करतो. ब्रायब्रोइकी शेवटी भाजण्याच्या प्रथेचे भौतिक स्पष्टीकरण यात मिळते.

ब्रेडच्या पृष्ठभागावर ओलावा असेपर्यंत तेथील तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. पृष्ठभाग कोरडा झाल्यावर तापमान वाढते आणि साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे मेलार्ड अभिक्रिया वेगाने घडू लागते. या अभिक्रियेत प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि खरपूस स्वाद निर्माण होतो. तापमान आणखी वाढल्यास ब्रेड काळा पडून कडू होतो. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो. तो ब्रेडच्या खडबडीत पृष्ठभागावर उष्णता सारखी पसरवतो. लोण्यातील दुधाचे घन अंश स्वतःही तपकिरी होऊन स्वादात भर घालतात.

चीजच्या बाबतीत मात्र इतक्या तापमानाची गरज नसते. चीजमधील दुधाचा स्निग्धांश शरीराच्या तापमानाच्या आसपास मऊ होऊ लागतो आणि चेडर साधारण ६५ अंश सेल्सियसला वाहते होते. चीजची रचना केसीन या प्रथिनाच्या जाळ्यावर आधारलेली असते. हे जाळे सैल झाले, की चीज वितळते. फार उष्णता मिळाल्यास प्रथिने आकसतात आणि तेल वेगळे होते. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये विशिष्ट क्षार मिसळलेले असल्यामुळे तेल सहसा वेगळे होत नाही. भारतीय पनीर मात्र कितीही तापवले तरी वितळत नाही, कारण ते गरम दुधात आम्ल घालून तयार केलेले असते आणि त्यातील प्रथिनांची रचना रेनेटने तयार केलेल्या चीजपेक्षा वेगळी असते. म्हणून या सँडविचमध्ये चीजऐवजी पनीर वापरल्यास तो परिणाम साधत नाही.

जाळी वारंवार उलटण्यामागेही हेच तत्त्व आहे. एक बाजू विस्तवासमोर असताना दुसरी बाजू किंचित निवते. त्यामुळे पृष्ठभाग करपण्याच्या तापमानाला पोहोचत नाही आणि उष्णतेला दोन्ही बाजूंनी आत शिरण्यास अवधी मिळतो.

## सामाजिक संदर्भ

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील सार्वजनिक जागा वंशानुसार विभागलेल्या होत्या. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने वस्त्या वेगळ्या केल्या आणि १९५३ च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने सार्वजनिक जागा व सुविधाही वंशानुसार राखून ठेवण्यास आधार दिला. समुद्रकिनारे, उद्याने व सहलीच्या जागा यांवर हे विभाजन लागू झाले. ज्या जागांवर लोक सुट्टीच्या दिवशी विस्तव पेटवून एकत्र जेवत, त्याच जागा अशा रीतीने तोडल्या गेल्या. निरनिराळ्या समाजांत उघड्यावर अन्न भाजण्याची प्रथा होती. परंतु एकाच विस्तवाभोवती जमणे कठीण झाले होते. स्वतंत्र सुविधा कायदा १९९० मध्ये रद्द करण्यात आला.

१९९४ मधील पहिल्या सार्वत्रिक लोकशाही निवडणुकीनंतर सार्वजनिक सुट्ट्यांची नवी यादी तयार झाली. क्वाझुलू-नाताल प्रांतात २४ सप्टेंबर हा दिवस झुलू राजा शाका याच्या स्मरणार्थ पाळला जात असे. सुट्ट्यांच्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात हा दिवस नसल्याने त्याला इंकाथा फ्रीडम पक्षाने आक्षेप घेतला. तडजोड म्हणून २४ सप्टेंबर हा सर्व समाजांसाठी 'वारसा दिन' ठरवण्यात आला.

२००५ मध्ये 'यान ब्राय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यान स्कॅनेल यांनी या दिवशी देशभरातील लोकांनी विस्तव पेटवून एकत्र जेवावे, अशी मोहीम सुरू केली. नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी २००७ मध्ये या मोहिमेचे आश्रयदातेपद स्वीकारले. वंश, भाषा व धर्म यांनी विभागलेल्या देशात विस्तवावर अन्न भाजणे ही सर्वांना समान असलेली गोष्ट आहे, अशी या मोहिमेमागील भूमिका आहे. या कल्पनेवर टीकाही झाली आहे. गुंतागुंतीचा व संघर्षाचा वारसा एका जेवणापुरता मर्यादित होतो आणि दिवसाचा शाकाशी असलेला मूळ संबंध झाकोळला जातो, असा आक्षेप घेतला जातो.

## शाकाहार आणि धार्मिक आहारनियम

दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचा मोठा समाज राहतो. १८६० पासून ऊस मळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर म्हणून भारतीयांना नाताल प्रांतात नेण्यात आले. व्यापारी वर्गही त्यांच्यामागून तेथे गेला. या समाजातील काही कुटुंबे शाकाहारी आहेत, तर हिंदूंमधील अनेक जण गोमांस आणि मुस्लिम डुकराचे मांस वर्ज्य मानतात. अशा पाहुण्यांसह होणाऱ्या ब्रायमध्ये ब्रायब्रोइकी हा सर्वांना चालणारा पदार्थ ठरू शकतो. त्यासाठी काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट जाळीची आहे. मांस भाजलेल्या जाळीच्या तारांवर चरबी राहते. सँडविचसाठी स्वतंत्र जाळी ठेवणे आणि त्यांचे निखारे मांसाच्या खालून नव्हे, तर वेगळ्या बाजूने घेणे हा त्यावरील उपाय आहे. दुसरी गोष्ट चीजची आहे. चीज तयार करताना दूध विरजण्यासाठी वापरले जाणारे रेनेट पारंपरिक पद्धतीत वासरांच्या जठरापासून मिळवले जाते. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेटही आता मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. त्यामुळे चीजच्या वेष्टनावरील माहिती पाहणे आवश्यक ठरते. भारतात वेष्टनावरील हिरव्या ठिपक्यावरून पदार्थ शाकाहारी असल्याचे ओळखता येते.

## सुरक्षितता

वेस्टर्न केप प्रांतात उन्हाळे कोरडे व वाऱ्याचे असतात आणि तेथील 'फेनबोस' ही झुडपी वनश्री सहज पेट घेते. १९९८ च्या राष्ट्रीय माळरान व वन अग्नी कायद्यानुसार दक्षिण आफ्रिकेत आगीच्या धोक्याची पातळी जाहीर केली जाते आणि धोका फार जास्त असताना उघड्यावर विस्तव पेटवण्यास मनाई असते. टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानात केवळ नेमून दिलेल्या जागीच ब्राय करता येतो.

विस्तवाजवळ पाण्याची बादली किंवा वाळू ठेवणे, भोवतालचे कोरडे गवत काढणे, विस्तव कधीही एकटा न सोडणे आणि पेटत्या निखाऱ्यांवर रॉकेल किंवा पेट्रोल न ओतणे हे मूलभूत नियम आहेत. जेवण झाल्यावर निखारे पाणी ओतून, ढवळून व पुन्हा पाणी ओतून पूर्ण विझवले जातात. समुद्रकिनारी निखारे वाळूने झाकणे धोक्याचे असते. वाळूखाली ते कित्येक तास तप्त राहतात, वरून दिसत नाहीत आणि अनवाणी चालणाऱ्यांचे, विशेषतः लहान मुलांचे, पाय भाजतात.

निखारे किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत, तंबूत किंवा वाहनात नेणे प्राणघातक ठरू शकते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू बाहेर पडतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी घट्ट बांधला जाऊन शरीराला ऑक्सिजन मिळू देत नाही. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही त्याची प्रारंभीची लक्षणे आहेत. झोपेत असलेल्या व्यक्तीला ती जाणवतही नाहीत. पाऊस किंवा थंडीमुळे विझत आलेली शेगडी ऊब मिळावी म्हणून आत घेण्याचा मोह होतो. परंतु धूर दिसत नसला, तरी हा वायू तयार होतच असतो.

## इतर देशांतील तत्सम पदार्थ

ब्रेड करपू न देता चीज वितळवण्याची अडचण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या साधनांनी सोडवलेली आढळते.

अमेरिकेत शिबिरांमध्ये 'पाय आयर्न' वापरतात. लांब दांड्यांना जोडलेले बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे दोन खोलगट साचे असे त्याचे स्वरूप असते. सँडविच त्यात बंद करून साचा थेट निखाऱ्यांत ठेवतात. धातू उष्णता पसरवतो आणि ज्वाळांपासून ब्रेडचे रक्षण करतो. ऑस्ट्रेलियात याच प्रकारच्या गोल साच्याला 'जॅफल आयर्न' म्हणतात. त्याच्या कडा दाबल्या जाऊन सँडविचची तोंडे बंद होतात. सिडनीतील बाँडाय येथील डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांना १९४९ मधील या साधनाचे श्रेय दिले जाते. ऑस्ट्रेलियातीलच ब्रेव्हिल कंपनीने १९७४ मध्ये विजेवर चालणारे सँडविच टोस्टर बाजारात आणले आणि ही पद्धत स्वयंपाकघरात पोहोचली.

मुंबईतील रस्त्यांवर मिळणारे मसाला टोस्ट सँडविच हे या पदार्थांचे महाराष्ट्रातील जवळचे रूप आहे. विक्रेते पदपथावरील गाडीवर कोळशाच्या शेगडीवर किंवा गॅसवर, दांडा असलेल्या ॲल्युमिनियमच्या दुहेरी साच्यात ते भाजतात. लोणी लावलेल्या ब्रेडमध्ये कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, उकडलेला मसालेदार बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि मागणीनुसार किसलेले चीज भरतात. भाजताना साचा वारंवार उलटला जातो आणि मधून मधून उघडून रंग पाहिला जातो. तयार सँडविचचे तुकडे करून वर शेव भुरभुरतात आणि सोबत चटणी व टोमॅटो सॉस देतात.

या साच्यांमध्ये आणि दक्षिण आफ्रिकी जाळीमध्ये मुख्य फरक बंदिस्तपणाचा आहे. बंद साच्यात उष्णता धातूच्या स्पर्शातून मिळते, वाफ काही प्रमाणात आत राहते आणि धुराचा संपर्क येत नाही. उघड्या जाळीत ब्रेडवर तारांचे ठसे उमटतात, वाफ सहज निघून जाते आणि ब्रेडला लाकडाच्या धुराचा हलका वास लागतो. त्याच वेळी ज्वाळांपासून कोणतेही संरक्षण नसते. म्हणून साच्यातील सँडविच निखाऱ्यांत ठेवता येते, तर ब्रायब्रोइकी भाजणाऱ्याला निखारे योग्य धगीला येईपर्यंत थांबावे लागते आणि भाजून होईपर्यंत जाळीजवळ उभे राहावे लागते.